समुद्र जागेवर आहे

शरयू पिंपळखुटे सिंदीला सासरी परत आली ती डोक्यात समुद्र घेऊन आली, आणि तोच तिच्या अंगलट आला.

तिचा नवरा नरहर फौजेत जमादार होता, म्हणजे हवालदाराच्या वर आणि सुभेदाराच्या खाली. सिंदीत हे सांगायची चोरी होती, कारण तिकडं जमादार म्हटलं की लोकांना कचेरीतला शिपाई आठवायचा, नाहीतर झाडूवाला. सासरे बंडोपंत रेल्वेतून मालबाबू म्हणून निवृत्त झालेले. चारचौघांत ते "मुलगा मिलिटरीत ऑफिसर आहे" असं म्हणून मोकळे व्हायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पानाला चुना लावायला घ्यायचे. लग्नानंतरची काही वर्षं शरयू नवऱ्याबरोबर ओरिसात चांदीपूरला राहिली. तिथं समुद्राकाठी तोफगोळ्यांची चाचणी घ्यायचं फौजेचं ठाणं होतं. मग नरहरची बदली काश्मीरकडं झाली. तिकडं कुटुंब नेता येत नव्हतं. म्हणून त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात ती एक ट्रंक आणि शिवणाचं मशीन घेऊन सिंदीच्या फलाटावर उतरली.

सिंदीत कापूस होता, जिनिंग होतं, दिवसभर धडधडणाऱ्या मालगाड्या होत्या. समुद्र पाहिलेलं माणूस मात्र नव्हतं. मुंबईला जाऊन आलेले एक-दोन व्यापारी होते, पण त्यांना रुईच्या बाजारातून समुद्रापर्यंत जायला सवड झाली नव्हती. त्यामुळं आळीतल्या बायका शरयूला भेटायला आल्या तेव्हा पहिला प्रश्न समुद्राचा निघाला. शरयूनं जे पाहिलं होतं ते सांगितलं. चांदीपूरचा समुद्र रोज उठून जातो. कोसभर, कधी त्याहून जास्त. मागं नुसती ओली रेती राहते, पन्हाळी पत्र्यासारखी. बायका-पोरं टोपल्या घेऊन त्यावरून चालत जातात. मग काही वेळानं तो परत येतो.

"जाते कुठं थो?" एकीनं विचारलं.

"मागं सरतो. ओहोटी म्हणतात त्याला."

"मंग मागचं पाणी कुठं जाते?"

शरयूनं कुंकवाचा करंडा पुढं केला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, कुंकू लावून घेतलं आणि उठल्या. दिवेलागणीपर्यंत गावाला कळलं होतं, की पिंपळखुट्यांची सून एकतर खोटं बोलते, नाहीतर ओरिसाचं ऊन तिच्या डोक्यात गेलंय.

बंडोपंतांनी तिला माजघरात बोलावून समजावलं. "सूनबाई, लोकांना पचेल तेवढंच सांगावं. समुद्र थोडासा हलतो म्हण. पाच-दहा पावलं."

"पण मामंजी, तो कोसभर जातो."

"मी कुठं नाही म्हणतो? पण आपल्याला इथं राहायचंय."

घरात बसून करायचं काय, म्हणून शरयूनं कन्याशाळेत शिवणाच्या बाईची नोकरी धरली. मुलींना काजं करायचा कंटाळा. हात चालू राहावेत म्हणून ती गोष्टी सांगायची. गोष्टी समुद्राकाठच्या शंखपूर नावाच्या गावातल्या असत. ते गाव तिनंच वसवलं होतं. तिथं गोदूकाकू नावाची बाई खाणावळ चालवायची, आणि गावात काही चोरीबिरी झाली की तांदूळ निवडता निवडता चोर ओळखायची. शंखपूरचा हवालदार पंचनामा करायला पोचायचा तेव्हा चोर कबुलीजबाब देऊन जेवायला बसलेला असायचा. मुलींची हजेरी एकदम वाढली आणि शिवण बिघडलं. एका मुलीनं परकराला बाही लावून तो घरी नेला, तेव्हा तिच्या आईनं तक्रार केली.

शाळा समितीचे अध्यक्ष वासुदेवराव. ते रुईचे दलाल होते, खादी वापरायचे, आणि गावात ते ज्या समितीत नाहीत अशी समिती नव्हती. घरी ते सगळ्यांसारखं बोलत, पण खुर्चीवर बसले की त्यांची भाषा एकदम छापील व्हायची.

"शरयूबाई, आपण मुलींच्या कोमल मनावर गुन्हेगारी बिंबवीत आहात."

"चोर शेवटी सापडतो, वासुदेवराव."

"परंतु आधी तो चोरी करतो ना? आणि तो समुद्र. शिक्षकाने असत्य सांगू नये. सेवाग्राम इतके जवळ असताना तर मुळीच सांगू नये."

शरयू काही बंडखोर बाई नव्हती. ती "बरं" म्हणाली, घरी आली आणि दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. पुढच्या बैठकीत, आलेलाच नाही तो राजीनामा मंजूर कसा करायचा, यावर समितीनं चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत चर्चा केली आणि विषय पुढं ढकलला.

आता गोष्टी ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून तिनं त्या लिहायला घेतल्या. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मशीनचं डोकं आत पाडायची आणि त्या फळीवर कागद पसरायची. बंडोपंत ती झोपल्यावर कागद चोरून वाचायचे. एके दिवशी सकाळी ते तिच्यासमोर उभे राहिले आणि घसा खाकरत म्हणाले, "त्या घंटेचं पुढं काय झालं?"

"कुठली घंटा?"

"देवळातली. गुरवाकडं आहे ना? मला गुरवाचाच संशय आहे."

"अजून लिहिलं नाही, मामंजी."

"मग लवकर लिही. मला झोप नाही."

गोष्ट संपली तेव्हा बंडोपंत स्वतः ती घेऊन वर्ध्याला गेले. तिथं ताराचंद शेठचा छापखाना होता आणि मालधक्क्यावरची जुनी ओळख होती. छापखान्यात जिनिंगच्या पावत्या आणि लग्नाच्या पत्रिका निघत.

"मले कहानी समजत नाही, पंतजी," ताराचंद म्हणाले. "मले कागद समजतो. शादीचा सीझन संपला की मशीन खाली बसून राह्यते. छापू. पण वासुदेवरावजींची प्रस्तावना आणा. त्यांचं नाव असलं की जिल्ह्यातली सगळी वाचनालयं घेतात."

वासुदेवरावांना आजवर मानपत्रं पुष्कळ लिहायला मिळाली होती, पण प्रस्तावना कुणी मागितली नव्हती. त्यांना बाईंचा समुद्र एकाएकी सुसह्य वाटू लागला. "ती कादंबरी आहे. कादंबरीत समुद्र कसाही वागला तरी चालेल," ते म्हणाले. मात्र त्यांच्या तीन अटी होत्या. पुस्तकात खून नको, दारू नको आणि मासे नकोत.

"समुद्राकाठचं गाव आहे," शरयू म्हणाली. "कोळी मासे नाही धरणार तर काय धरतील?"

"तो आपल्या प्रतिभेचा प्रश्न आहे."

प्रतिभेनं तोही सोडवला. गोष्टीत एका सावकाराचा खून होता. तो सावकार उठून बसला आणि त्याची नुसती छत्री चोरीला गेली. ताडीच्या गुत्त्याची पाणपोई झाली. कोळ्यांनी किनाऱ्यावर वांगी लावली. त्यांची जाळी मात्र शरयूच्यानं सुटेनात. मग तिनं त्या जाळ्यांत हरवलेल्या वस्तू अडकवल्या, आणि तपासाला त्याचा फार उपयोग झाला. 'घंटा कुणी नेली?' या नावानं पुस्तक निघालं. स्टेशनांवर खपलं, वाचनालयांत गेलं. पुढं डॉक्टरमंडळीही ते इस्पितळातल्या रोग्यांना खुशाल वाचू देत, कारण त्यात कुणी मरत नव्हतं. ताराचंदनी लगेच दुसरं मागितलं. शाळा सुटल्यावर धरलेली आळीतल्या पोलक्यांची कामं शरयूनं वर्षभरात बंद केली, आणि बायकांना पहिल्यांदा पटलं की ही खरंच काहीतरी करते आहे.

नरहर दोन वर्षांनी लांब रजेवर आला. काश्मीरच्या बर्फात त्यानं पुष्कळ काही ठरवून ठेवलं होतं. फलाटावर चार लोक येतील, कुणी हार आणील, आपण "अरे, हे कशाला" म्हणू, आणि मग ओसरीवर बसून बर्फातल्या रस्त्यांवरून सामान कसं पोचवलं ते सांगू. फलाटावर खरोखरच चार लोक आले होते.

"या, या. लेखिकाबाईंचे मिस्टर ना तुम्ही?"

ओसरीवर बैठक जमली. नरहरनं आणलेले अक्रोड लोकांनी फोडून खाल्ले. काश्मीरचं कुणी विचारलं नाही. शेवटी त्यानंच सुरुवात केली, "तिकडं थंडी अशी असते," एवढ्यात वासुदेवराव म्हणाले, "ते राहू द्या. तुम्ही चांदीपूरला प्रत्यक्ष होतात. फौजी माणूस खोटं बोलत नाही. समुद्र जातो का?"

शरयू दाराआड उभी होती. इतक्या दिवसांनी आपला साक्षीदार आला, म्हणून ती दाराच्या फटीशी सरकली.

नरहर ताठ बसला. "त्या ठाण्याविषयी काही बोलायची आम्हाला मनाई आहे."

"समुद्राविषयीसुद्धा?"

"हुकूम आहे," नरहर म्हणाला.

बैठकीतून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हंजे सरकारच नेते का काय त्याले?"

बैठक उठल्यावर शरयूनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, समुद्र काय गुपित आहे?"

"समुद्र नाही. तो केव्हा जातो आणि किती जातो, ते गुपित."

"गोळे पाण्यावर डागायचे, आणि पाणी मागं गेलं की रेतीतून उचलून मोजायचे, हीच तर नोकरी होती तुमची."

"हळू बोल," नरहर म्हणाला आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

रजा संपवून तो गेला. गावात मात्र संशय दुणावला. वाचनालयात दोन तट पडले. शेवटी वासुदेवरावांनी जाहीर केलं, की आपण सपत्नीक जगन्नाथपुरीला जाणारच आहोत, वाटेत चांदीपूरला उतरून सत्य काय ते स्वतः पाहून येऊ. गावानं त्यांना स्टेशनवर निरोप दिला. समुद्राचा निकाल लावायला आपल्याकडून माणूस जातोय, याचा सगळ्यांना अभिमान वाटला. बंडोपंतांनीही टाळ्या वाजवल्या, पण जपून.

यात्रा करून ते परतले आणि वाचनालयात सभा झाली. वासुदेवरावांनी पुरीच्या देवळापासून सुरुवात केली, रेल्वेच्या गैरसोयींना स्पर्श केला आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "बंधूंनो, मी चांदीपूरला गेलो. किनाऱ्यावर उभा राहिलो. समुद्र जागेवर आहे."

टाळ्या थांबेनात. तिथल्या तिथं ठराव झाला, की स्थानिक लेखकांनी यापुढं सृष्टिनियमांचा मान राखावा. ठरावाची एक प्रत शरयूला पोचती झाली, एक ताराचंदला. ताराचंदनी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कागदाचा हिशेब केला.

चार दिवसांनी भर दुपारी वासुदेवरावांच्या पत्नी सुलोचनाबाई पोलक्याचं कापड घेऊन शरयूकडं आल्या. शरयूनं शिवण सोडल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्या पाटावर बसल्या, पाणी प्याल्या आणि बराच वेळ कापडाची घडी मोडत-घालत राहिल्या.

"आमच्या यायनं पाह्यलं थे खोटं नाई," त्या म्हणाल्या. "सकाळी गेलो तवा भरला होता. काठाले लागून. यायनं पाह्यला, खिशातून घड्याळ काढून वेळ पाह्यली, झालं म्हणाले. मंग डाकबंगल्यात जेवलो अन् हे झोपले."

"मग?"

"मंग मी बाहेर आली, त समुद्रच नाई."

शरयू पाटाजवळ सरकली.

"तिकडच्या बायका टोपल्या घेऊन चालल्या होत्या. त्यायची बोली मले येत नाई, माही त्यायले येत नाई. एकीनं हात केला. म्या वहाणा काढल्या अन् गेली त्यायच्या मागं. किती गेली थे माहीत नाई. मागं वळून पाह्यलं त डाकबंगला काड्याच्या पेटीएवढा. इतकी मोकळी जागा म्या जन्मात नाई पाह्यली बाई. वर कोणी नाई, बाजूले कोणी नाई. उभीच राह्यली."

"त्यांना उठवलं नाहीत?"

"उठवलं त चिडतेत. परत आली तवा यायचा चहा होऊन राह्यला होता, मोटार मागच्या दाराले लागली होती. माह्या पायाले रेती पाहून म्हणाले, कुठं गेलती? म्हटलं, समुद्रावर. तं म्हणतेत, कायले? आपण सकाळी पाह्यला ना."

दोघी हसल्या. आधी बेतानं, मग बेताबाहेर. बंडोपंत दारात डोकावून गेले.

"सभेत का नाही सांगितलंत?" शरयूनं डोळे पुसत विचारलं.

"मले कोणी विचारलं?" सुलोचनाबाईंनी कापड तिच्या मांडीवर ठेवलं. "तू लिहिजो. फक्त माह्यं नाव नको टाकजो."

शरयूनं ते पोलकं शिवून दिलं आणि पुस्तकही लिहिलं. 'झोपलेला पाहुणा'. शंखपुरात एक थोर गृहस्थ येतात. ते चार समित्यांचे अध्यक्ष आहेत, आणि समुद्र हलत नाही असं प्रमाणपत्र लिहून आणून ते फक्त सही करायला आलेले आहेत. सही होते, ते जेवून झोपतात. समुद्र जातो आणि त्याच वेळी पाहुण्याचा चष्मा नाहीसा होतो. गावावर आळ येतो. गोदूकाकू तांदूळ निवडता निवडता शोधून काढते, की चष्मा पाहुण्याच्याच कपाळावर होता, आणि तो डोळ्यांवर घेऊन बाहेर पाहायचं त्याला दिवसभर सुचलं नव्हतं.

बंडोपंतांनी मुद्रितं तपासली आणि त्यांना घाम फुटला. "सूनबाई, प्रस्तावना कुणाची?"

"ताराचंदनी नेहमीप्रमाणं वासुदेवरावांचीच मागवली."

"आणि त्यांनी वाचलं?"

वासुदेवराव प्रस्तावना पुस्तकाच्या आधी लिहायचे. पुस्तक वाचून लिहिलं की मत कलुषित होतं, असं ते म्हणत. या वेळी त्यांनी लेखिकेच्या सत्यप्रेमाचा खास गौरव केला होता आणि थोर पुरुषांची चरित्रं तरुणांसमोर यावीत अशी अपेक्षा व्यक्त केली होती.

पुस्तक आलं. सगळ्या सिंदीनं वाचलं, आणि वासुदेवराव रस्त्यानं निघाले की दुकानदार हसू लपवत मापं तपासायला खाली वाकू लागले. त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी वासुदेवराव पुस्तक हातात घेऊन पिंपळखुट्यांच्या ओसरीवर आले. बंडोपंतांनी पानाचा डबा घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

"शरयूबाई, हा पाहुणा कोण आहे?"

शरयूनं पदर सावरला. "काल्पनिक आहे."

"काल्पनिक?"

"अगदी. कुणाशी काही संबंध नाही."

वासुदेवरावांचा चेहरा पडला. "म्हणजे मी नाही?"

शरयूनं त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडं पाहिलं.

"आज नागपूरहून येताना गाडीत एक गृहस्थ हे वाचून राहिले होते," वासुदेवरावांची छापील भाषा सुटत चालली होती. "हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. मले म्हणाले, असा माणूस खरंच असेल का हो? म्या पाच-दहा पानं पाह्यली. डाकबंगला, जेवण, झोप. म्हटलं, आहे ना. मीच तो. त्यायनं माही सही घेतली पुस्तकावर. डब्यातले सगळे उठून पाहाले आले. अन् तुम्ही आता म्हणता काल्पनिक?"

"नाही, म्हणजे," शरयू म्हणाली, "तुम्हाला पाहूनच सुचलं."

"मग तसे म्हणावे," वासुदेवराव सावरून बसले. "पण मी निजलो होतो हे आपल्याला कसे कळले?"

"भरल्या पोटी कुणीही झोपेल, असा अंदाज केला."

"सूक्ष्म निरीक्षण आहे," ते म्हणाले. "पुढल्या आवृत्तीत पाहुणा चार नव्हे, सात समित्यांवर आहे अशी दुरुस्ती करावी."

त्यानंतर ते जिथं जात तिथं आपल्या झोपेची हकीकत सांगू लागले. समुद्र जातो, हे त्यांनी त्यातच मान्य करून टाकलं. तो गेला नसता तर त्यांच्या झोपेला अर्थ राहिला नसता. सुलोचनाबाई शेजारी बसून ऐकत. छप्पन्नच्या दिवाळीच्या सुमारास जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. ताराचंद शेठना राजकारणात रस नव्हता, पण ते मुद्दाम सिंदीला आले. "बाई, आता समुद्र आपल्याच सरकारचा झाला. डिमांड वाढणार. वर्षाले दोन पुस्तकं द्या." शरयूनं एकच कबूल केलं, तेही शांतपणे लिहायला मिळालं तर.

शांतता फार दिवस टिकली नाही. नरहर निवृत्त होऊन कायमचा घरी आला. पहिले काही दिवस त्यानं विहिरीवरच्या बादल्या ओळीत लावल्या, बंडोपंतांच्या पानाच्या वेळा ठरवून दिल्या. मग करायला काही उरलं नाही तेव्हा तो ओसरीवर बायकोची पुस्तकं एकामागून एक वाचायला बसला. शरयू आत लिहीत होती, पण तिचं लक्ष बाहेरच्या पानांच्या आवाजाकडं होतं. शेवटचं पुस्तक मिटून तो आत आला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "दारूगोळ्याविषयी काही आलं नाही, हे बरं केलंस."

"एवढंच?"

नरहर जरा घुटमळला. "गावातले सगळे कुठं ना कुठं आहेत. बाबा गुरवाच्या शेजारी राहतात. मी कुठं दिसलो नाही."

शरयूनं लेखणी खाली ठेवली. "तुम्ही पहिल्यापासून आहात."

"कोण?"

"हवालदार."

हवालदार प्रत्येक पुस्तकात सगळं आटोपल्यावर पोचायचा, टोपी नीट करायचा आणि मला आधी का नाही कळवलं म्हणून विचारायचा. नरहर खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो रागावला की काय, म्हणून शरयू त्याच्या पाठीकडं पाहत राहिली.

"किती वर्षं झाली त्याला?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"हवालदाराला. एकाच हुद्द्यावर आहे. काम चोख करतो. त्याला बढती द्यायला पाहिजे."

शरयूनं समोरचा कागद ओढला आणि पहिल्या ओळीतलं 'हवालदार' खोडलं.

"जमादार करू?"

"नको," नरहर घाईनं म्हणाला. "लोकांना कळत नाही. एकदम सुभेदारच कर."

ती लिहीपर्यंत तो तिथंच उभा राहिला. मग चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेला.